उंबरठ्यापर्यंतची शुचिता

‘घरपट्टी आम्ही वेळच्या वेळी भरतो; मग कचऱ्याचे पैसे पुन्हा निराळे कशासाठी?’ हा प्रश्न अलीकडे आमच्या मंडळींत वारंवार ऐकू येतो. पालखीनंतर सभामंडपात चार गृहस्थ टेकले की तो निघतो, लग्नाच्या पंगतीत निघतो, देवस्थानच्या वार्षिक सभेतही निघतो. विचारणारे बहुधा सरळ मार्गाने चालणारे, कर न चुकविणारे लोक असतात. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु हा प्रश्न ज्या समजुतीवर उभा आहे ती समजूतच चुकीची आहे, आणि देवळाभोवती वाढलेल्या आमच्यासारख्या समाजास ती विशेष लांच्छनास्पद आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. केर उंबरठ्याबाहेर गेला की आपला संबंध संपला, ही ती समजूत होय.

पहाटे उठून अंगण झाडावे, सडा घालावा, दारात रांगोळी रेखावी, हे आमच्या घरांचे जुने वळण. झाडलेला केर पुढे कोठे जातो हे विचारण्याचे वळण मात्र आम्हांस कोणी लावले नाही. जुन्या काळी ते विचारण्याचे कारणही नव्हते. केरात असे ते काय? पालापाचोळा, चुलीतली राख, भाजीचे देठ, नारळाची शेंडी, जेवून झालेले केळीचे पान. हे सारे परसातल्या उकिरड्यावर पडे आणि पावसाळ्याच्या तोंडावर माडांच्या आळ्यांत जाई. उकिरडा ही त्या काळी घराची मालमत्ता होती. आज परसू उरले नाही. आणि केरात दुधाच्या पिशव्या आल्या, तेलाची वेष्टने आली, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आल्या, फुटके दिवे आणि संपलेल्या बॅटऱ्या आल्या. केर बदलला, वळण मात्र तेच राहिले. कचऱ्याचा खर्च कोठून उत्पन्न झाला हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल, त्याने प्रथम या बदललेल्या केराकडे डोळे उघडून पाहावे.

आमच्या शहरांतील कचऱ्याचा साधारणपणे निम्मा भाग कुजणारा असतो. उष्टे अन्न, फळांच्या साली, भाजीचा पाला, फुले यांचा तो बनलेला. म्हणून तो ओला आणि जड. युरोप-अमेरिकेतील कचऱ्यात कागद आणि वेष्टने अधिक, म्हणून तो हलका आणि पेट घेणारा. आमचा एक घनमीटर कचरा ४०० ते ५०० किलो भरतो. तेथील त्याहून पुष्कळच कमी. हा भेद ध्यानी न घेतल्याची किंमत दिल्लीने एकदा मोजलेली आहे. तिमारपूर येथे १९८७ साली, डेन्मार्कहून आणलेल्या यंत्रांनी रोज ३०० टन कचरा जाळून वीज काढण्याचा कारखाना उभारण्यात आला. तो जेमतेम तीन आठवडे चालला आणि बंद पडला. यंत्रांत खोट नव्हती. दिल्लीच्या कचऱ्यात ओल आणि माती इतकी की तो आपल्या बळावर पेटेचना. ज्या वस्तूची विल्हेवाट लावावयाची तिचे गुणधर्म न पाहता तिच्यावर कोट्यवधी रुपये खर्च केले की असेच व्हावयाचे.

याच गुणधर्मांत आमच्या पैशाचे मर्म दडलेले आहे. ओला केर निराळा ठेवला तर त्याचे खत होते, वायू होतो. सुका केर निराळा आणि कोरडा ठेवला तर कागद, पत्रा, काच, प्लास्टिक यांस बाजारात मोल मिळते. दोहोंस एका बादलीत घातले की कागद भिजून रद्दीच्या मोलाचाही राहत नाही, आणि खतात काचेचे तुकडे व प्लास्टिकच्या चिंध्या येतात. मग शेतकरी ते शेतात घालावयास धजत नाही. दोन मोलाच्या वस्तू एकत्र करून तिसरी बिनमोलाची वस्तू निर्माण करण्याची ही अजब विद्या आमच्या स्वयंपाकघरांत दररोज चालते. जे वेगळे करावयास घरात निमिषही लागत नाही, तेच पुढे डेपोवर यंत्रे लावून, मजुरी देऊन आणि माणसांच्या आरोग्याची होळी करून वेगळे करावे लागते. आणि इतके करूनही ते पुरते वेगळे होत नाही.

आता थोडा हिशेब करू. एक लाख वस्तीचे एखादे शहर घ्या. माणशी रोज ४०० ग्रॅम कचरा धरला तर दिवसाचा ४० टन होतो. पाच टन वाहणाऱ्या गाडीस त्यासाठी रोज आठ खेपा कराव्या लागतील. त्यांतला ओला निम्मा भाग त्या त्या वाड्यात किंवा प्रभागातच जिरविला तर चार खेपा वाचतील. चार खेपांचे तेल, चालकाचा पगार, टायरांची झीज ही बचत एक दिवसाची नसून वर्षाच्या ३६५ दिवसांची आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारी अहवालांनी जो अंदाज दिला तो असा होता: आपल्या नगरसंस्था टनामागे ५०० ते १५०० रुपये खर्च करीत, त्यांतील ६० ते ७० टक्के रक्कम कचरा नुसता गोळा करण्यात जाई, २० ते ३० टक्के वाहतुकीत जाई, आणि त्यावर प्रक्रिया करण्यासाठी जवळजवळ काहीच उरत नसे. दर पुढे वाढले असतील. परंतु या हिशेबाचा बोध कायम आहे. आम्ही आमचे पैसे कचरा नाहीसा करण्यावर खर्च करीत नव्हतो. तो आमच्या दृष्टीआड नेऊन टाकण्यावर खर्च करीत होतो.

म्हणून ‘निराळे पैसे कशाला’ या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. घरपट्टी घराच्या मानाने बसते, कचऱ्याच्या मानाने नव्हे. २०१६ सालच्या नियमांनी कचरा वेगळा करून देणे हे प्रत्येक घराचे कर्तव्य ठरविले आणि त्या सेवेसाठी शुल्क आकारण्याचा अधिकार नगरसंस्थांस दिला. त्यांतल्या शुल्काविरुद्ध आम्ही गर्जना करतो. कर्तव्याचे मात्र नावही काढीत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो खोटा नाही. ‘आम्ही दोन बादल्यांत देतो, पण गाडीवाला दोन्ही एकाच गाडीत ओततो; मग आम्ही का शिणावे?’ ज्या गावी असे घडते तेथील नगरसंस्था नागरिकांची वंचना करीत आहे, हे आम्ही निःसंकोचपणे म्हणू. परंतु याचा उपाय शुल्क बुडविणे हा नव्हे, आणि दोन्ही केर पुन्हा एका बादलीत घालणे हा तर मुळीच नव्हे. शुल्क भरणाऱ्यास हिशेब मागण्याचा हक्क पोचतो. देवस्थानच्या जमाखर्चातील पाच रुपयांच्या फरकासाठी सभेत तासभर भांडणारे आमचे महाजन, नगरपालिकेच्या लक्षावधी रुपयांच्या गाड्या रिकाम्या कोठे होतात हे विचारावयास एकदाही जात नाहीत, याचे आम्हांस नवल वाटते.

आणि ज्या खर्चाची पावती कोणीच फाडीत नाही त्याचे काय? पुणे शहराचा कचरा अनेक दशके ज्या गावच्या शिवारात पडत आला, त्याचे नाव उरुळी देवाची. इंदूरचा कचरा जेथे साठत गेला ती जागा देवगुराडियाची; शेजारच्या टेकडीवर महादेवाचे पुरातन स्थान, ज्याच्याशी अहिल्याबाईंचे नाव जोडलेले आहे. देवाच्या नावाच्या गावी आम्ही आमची घाण नेऊन टाकली आणि घरी येऊन स्नान केले! उरुळीच्या डेपोस २०१७ सालच्या उन्हाळ्यात आग लागली, तेव्हा तेथील ग्रामस्थांनी पुण्याच्या गाड्या कित्येक दिवस अडविल्या. मडगावकरांस सोनसोड्याचे नाव काढताच काय आठवते ते आम्ही सांगावयास नको. मे २०१९ मध्ये पेटलेला तो ढीग दिवसचे दिवस धुमसत होता, आणि त्याचा धूर भोवतीच्या वस्तीने गिळला. ढिगात दडपलेला ओला केर हवेवाचून कुजतो, त्यांतून मिथेन वायू निघतो आणि तोच आगीस कारण होतो. खाली झिरपणारे काळे पाणी विहिरी नासविते. ज्या अन्नास आम्ही पूर्णब्रह्म म्हणतो, त्याच अन्नाचे उष्टे शेजारच्या गावी विष होऊन पाझरते. उरुळीच्या विहिरीचा आणि सोनसोड्याच्या धुराचा खर्च कोणाच्या देयकात लिहिला गेला? ज्यांनी तो कचरा केला नाही त्यांनीच तो भरला.

हे अटळ होते, असे कोणी म्हणेल तर त्याने इंदूरकडे पाहावे. होळकरांच्या या नगरीत आमचे कित्येक वाचक पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांस हे वर्णन नवे नाही. देवगुराडियाचा तो जुना ढीग सुमारे १३ लाख टनांचा होता. २०१८ साली तो यंत्रे भाड्याने घेऊन, चाळून, वेगळा करून हटविण्यात आला. खर्च १० कोटी रुपयांच्या आत राहिला आणि सुमारे १०० एकर जमीन मोकळी झाली. त्याच परिसरात ५५० टन ओला कचरा रोज पचवून सीएनजी वायू करणारा कारखाना फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. तेथे दिवसाला सुमारे १७,००० किलो वायू आणि १०० टन खत निघेल, अशी त्याची योजना. विशेष हे की त्यासाठी पालिका चालकास पैसे देत नाही. चालकच पालिकेस वर्षाला अडीच कोटी रुपये देण्यास बांधलेला आहे. कचऱ्यासाठी कोणी उलटे पैसे का द्यावे? केवळ याचसाठी, की इंदूरच्या घराघरांतून ओला कचरा शुद्ध येतो, त्यात प्लास्टिक नाममात्र असते. जो कचरा दिल्लीत कारखाना बंद पाडतो तोच इंदुरात कारखाना चालवितो. हा फरक इंदूरकरांच्या बादलीत निर्माण झाला.

इंदूर म्हणजे स्वर्ग, असे आम्ही म्हणत नाही. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत पहिले पारितोषिक मिळविणाऱ्या याच शहरात, २०२५ च्या अखेरीस भागीरथपुरा भागात पिण्याच्या पाण्यात मैला मिसळून माणसे दगावली. जे रस्त्यावर दिसते ते झाडले आणि जमिनीखालचे पाहिले नाही, तर पारितोषिके कोणास वाचवू शकत नाहीत. परंतु या दुःखद घटनेने कचऱ्याचा धडा खोटा ठरत नाही. दृष्टीआड केलेली घाण फिरून दारी येते, हेच तिनेही सांगितले.

आणि इंदूरने हे काही परदेशातून शिकावयास नको होते. सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात तेथील वनस्पती-उद्योग संस्थेचे प्रमुख होते. आमच्याच यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ साली जो ग्रंथ लिहिला, त्याने पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ओलसर ठेवून, वेळोवेळी खालीवर करून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत जगापुढे ठेवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते. पुढे त्याच दशकात नगरातील केरालाही ती लावण्याचे प्रयोग इंदुरात झाले. आमच्या आजीच्या उकिरड्यास शास्त्राची जोड मिळाली ती आमच्याच एका नगरीत, आणि आम्ही मात्र खताच्या पिशव्या विकत आणतो व फुले नदीत सोडतो.

फुलांचा विषय निघालाच आहे, तर आता आमच्या देवळांकडे वळू. गेल्या वर्षी आमच्या परिचयाच्या एका देवस्थानात आम्ही समाराधनेस बसलो होतो. पंगती शिस्तीने उठल्या. पाने केळीची नव्हती. चकचकीत अस्तराच्या कागदी ताटल्या, प्लास्टिकचे पेले आणि पाण्याच्या लहान बाटल्या. हे सारे उष्ट्यासकट अग्रशाळेमागे, तळीपासून पंचवीस पावलांवर लोटण्यात आले. रात्री त्यास काडी लावण्यात आली, आणि आरतीच्या वेळी तो धूर चौकातून गर्भकुडीपर्यंत पोचला. सकाळी एक सफाई कामगार बाई उघड्या हातांनी अर्धवट जळालेले ते अवशेष पोत्यांत भरीत होती. सोवळ्याचे नियम पाळण्यात त्या दिवशी कोणीही कसूर केली नव्हती. आम्हीही त्याच पंगतीत जेवलो होतो आणि पान तसेच टाकून उठलो होतो. तेव्हा या लेखातील एकाही शब्दातून आम्ही स्वतःस वगळीत नाही.

देवास वाहिलेले फूल निर्माल्य झाल्यावरही पायदळी येऊ नये, ही भावना सुंदर आहे. तिचे फळ मात्र काय झाले आहे? फूल पायदळी येऊ नये म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, पिशवीसकट पुलावरून नदीत फेकले जाते. जे मातीचे होते ते मातीत मिळू देणे, याहून निर्माल्याचा मोठा मान कोणता? आमच्याच गोव्यातील चवथीची माटोळी पाहा. रानातली फळे, कंद, सुपाऱ्या, पाने गणपतीवर टांगावयाची. उत्सव सरला की जे खाण्याजोगे ते खावयाचे, उरलेले भुईस परत. शेकडो वर्षांच्या त्या सजावटीने एक मूठभर कचरा मागे ठेवला नाही. तिच्याखाली थर्माकोलचे मखर उभे करून आम्ही परंपरा पाळली, की मोडली?

सर्वांत अवघड गोष्ट आम्ही शेवटी मांडतो, कारण ती पैशाची नाही. जे हात आमचा केर उचलतात, ते हात पिढ्यान्‌पिढ्या आम्ही देवळाच्या पायरीबाहेर ठेवले. कायद्याने दारे उघडली. परंतु आमच्या मनातील पायरी अजून तशीच आहे. केर वेगळा करावयाचा कंटाळा आम्हांस का येतो? त्यास हात लावणे हे ‘दुसऱ्या कोणाचे तरी’ काम आहे, ही खोल रुतलेली भावना त्याच्या मुळाशी आहे. ती आहे तोवर कोणतीही गाडी, कोणताही कारखाना आणि कोणतेही शुल्क आमचे गाव स्वच्छ करू शकणार नाही. गाडगेबाबांनी हे नेमके ओळखले होते. गावात पाऊल टाकताच ते प्रथम हाती खराटा घेत, दिवसभर गाव झाडीत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. आम्ही त्यांच्या तसबिरीस हार घालतो. त्यांचा खराटा मात्र परत त्याच जुन्या हातांत दिला.

इंदूरच्याच इतिहासात याविषयी एक प्रसंग आहे. शहरात प्लेगने थैमान घातले होते. नगररचनेसाठी दरबाराने बोलाविलेले स्कॉटिश पंडित पॅट्रिक गेडिस यांनी १९१७ च्या दिवाळीत एक मिरवणूक काढली. जे रस्ते लोक उत्तम स्वच्छ करतील त्याच रस्त्यांनी ती जाईल, असे आधी जाहीर झाले, आणि शहर झाडावयास लागले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता. शेवटी त्यांचे दहन झाले. परंतु आमच्या मते त्या दिवसाचे खरे वैभव हे, की शहराचे झाडूवाले शुभ्र वस्त्रे नेसून, फुले लेवून, नव्या गाड्यांसह त्या मिरवणुकीत मानाने चालले. शंभराहून अधिक वर्षे लोटली. आमच्या किती देवस्थानांच्या पालखीत आजवर असा मान दिला गेला?

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत आणि त्या नगरपालिकेकडे नसून आमच्याकडेच आहेत. पहिली, प्रत्येक देवस्थानाने निर्माल्य आणि पंगतीचे उष्टे आपल्याच आवारात जिरवावे. दोन खड्डे, सुकलेला पाला आणि थोडे शेण एवढेच त्यास लागते, आणि तयार झालेले खत देवाच्या फुलबागेस पुरून उरेल. दुसरी, उत्सवाच्या अंदाजपत्रकात मांडव, रोषणाई आणि दारूकाम यांच्या जोडीस केर उचलण्याचा खर्च व कामगारांची योग्य मजुरी, हातमोज्यांसकट, उघडपणे लिहावी. ज्या खर्चास ओळ नाही तो नेहमी दुबळ्याच्या माथी बसतो. तिसरी, कामगारांस प्रसाद मागील दाराने न देता पंगतीत बसवून द्यावा.

घरोघरी कचरा वेगळा होणे हे यांतूनच घडेल, असा आमचा विश्वास आहे. कारण आमचा समाज नगरपालिकेच्या फलकापेक्षा देवळाच्या रिवाजाने अधिक चालतो. लवकरच ठिकठिकाणी वार्षिक उत्सवाच्या सभा भरतील. कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा वाचला जाईल, कीर्तनकाराचे नाव ठरेल, पंगतींची संख्या ठरेल. त्या वेळी उपस्थितांपैकी एकाने तरी उठून विचारावे: पंगत उठल्यावर पाने कोठे जाणार? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून पत्रिका छापावयास देऊ नये.